सूक्ष्मनलिकांवर कार्य करणारी कर्करोगविरोधी औषधे

सूक्ष्मनलिकांवर कार्य करणारी कर्करोगविरोधी औषधे हा रसायनोपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एक प्रमुख गट आहे. पेशीच्या आत ट्यूब्युलिन या प्रथिनापासून बनलेल्या अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे असते. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची समान वाटणी याच नलिकांच्या साहाय्याने होते. या गटातील औषधे ट्यूब्युलिनला चिकटून नलिकांची घडण किंवा मोडण थांबवितात. त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी बहुधा मरते. सदाफुलीपासून मिळणारी विन्क्रिस्टिन व विन्ब्लास्टिन आणि यू वृक्षापासून मिळालेली पॅक्लिटॅक्सेल व डोसेटॅक्सेल ही या गटातील सर्वांत परिचित औषधे होत. पॅक्लिटॅक्सेलच्या शोधात महाराष्ट्रातील नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांचा मोलाचा वाटा होता.

सूक्ष्मनलिकांची रचना

सूक्ष्मनलिका ही सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी असते. अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या ट्यूब्युलिन रेणूंची जोडी हा तिचा मूळ घटक होय. अशा प्रत्येक जोडीची लांबी सुमारे ८ नॅनोमीटर असते. जोड्या एकामागे एक जुळून लांब धागे तयार होतात आणि साधारणतः १३ धागे बाजूबाजूने चिकटून नळी बनते. नळीची दोन टोके सारखी नसतात. बीटा-ट्यूब्युलिन उघडे असलेल्या टोकास धन टोक म्हणतात. तेथे वाढ व घट दोन्ही वेगाने होतात. दुसरे टोक ऋण असून ते बहुधा पेशीतील तारककायाशी जखडलेले असते.

नळीत सामील होताना प्रत्येक जोडी जीटीपी हा ऊर्जायुक्त रेणू घेऊन येते. जुळणीनंतर बीटा-ट्यूब्युलिनवरील जीटीपीचे जीडीपीत रूपांतर होते. टोकाशी जीटीपीधारक जोड्यांची टोपी शिल्लक असेपर्यंत नळी वाढत राहते. टोपी नाहीशी झाली की धागे बाहेरच्या बाजूस वाकतात आणि नळी झपाट्याने उकलते. काही क्षणांनी ती पुन्हा वाढू लागते. वाढ आणि उकल यांच्या या अखंड अदलाबदलीस गतिक अस्थिरता म्हणतात. तिचे वर्णन टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये केले.

पेशीविभाजनाचा आरंभ होताच सूक्ष्मनलिकांचे जुने जाळे मोडते व त्यांपासून दोन ध्रुव असलेला तर्कू तयार होतो. तर्कूच्या नलिका पेशीत सर्व दिशांना वाढतात, आखडतात आणि पुन्हा वाढतात. या धडपडीत त्यांची टोके गुणसूत्रांवरील कायनेटोकोर नावाच्या प्रथिनसमूहाला भिडतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धांना विरुद्ध ध्रुवांकडून येणाऱ्या नलिका जोडल्या गेल्या व त्यांवर पुरेसा ताण आला, की अर्ध वेगळे होऊन विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात. एकही कायनेटोकोर मोकळा असेल तर पेशीतील तपासणी यंत्रणा विभाजन पुढे जाऊ देत नाही.

औषधांचे प्रकार व बंधनस्थाने

ट्यूब्युलिनवर औषधे चिकटण्याच्या अनेक जागा ज्ञात आहेत. त्यांपैकी पुढील तीन जागांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे.

* विंका जागा : ही जागा एकापुढे एक असलेल्या दोन जोड्यांच्या सांध्यावर असते. विन्क्रिस्टिन, विन्ब्लास्टिन आणि विनोरेल्बिन ही औषधे येथे पाचरीसारखी बसतात. त्यामुळे धागा सरळ राहत नाही व नळीची जुळणी होत नाही.

* कोल्चिसिन जागा : ही जागा एकाच जोडीतील अल्फा आणि बीटा यांच्या मध्ये असते. कोल्चिसिन बसल्यावर जोडी वाकलेली राहते आणि नळीत नीट सामावत नाही.

* टॅक्सेन जागा : ही जागा बीटा-ट्यूब्युलिनवर, नळीच्या आतील पृष्ठभागावर असते. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल व कॅबाझिटॅक्सेल येथे बसून शेजारच्या धाग्यांची पकड घट्ट करतात. नळी उकलत नाही. उलट नको तेथेही नलिका तयार होऊन त्यांच्या जुड्या बनतात.

पहिल्या दोन प्रकारांतील औषधांना अस्थिरक व तिसऱ्या प्रकारातील औषधांना स्थिरक म्हणण्याची पद्धत आहे. मात्र हा भेद मुख्यतः औषधाची मात्रा जास्त असताना दिसतो. अल्प मात्रेत दोन्ही प्रकारांचा परिणाम जवळजवळ सारखाच असतो : नलिकांची एकूण संख्या फारशी बदलत नाही, पण त्यांची वाढ-घट मंदावते. विन्ब्लास्टिनचे मोजके रेणू एखाद्या नलिकेच्या टोकाशी बसले तरी तिची हालचाल लक्षणीयरीत्या कमी होते. विभाजन अडविण्यासाठी नलिका पूर्णपणे नष्ट करण्याची गरज नसते. त्यांची चंचलता काढून घेणे पुरेसे असते. एक औषध नलिका मोडते आणि दुसरे त्यांना मोडू देत नाही, तरीही दोन्ही कर्करोगावर उपयोगी पडतात, याचे कारण हेच आहे.

पेशीवरील परिणाम

नलिकांची हालचाल मंदावल्यावर काही गुणसूत्रे तर्कूच्या मध्यावर पोचत नाहीत, तर काहींवर पुरेसा ताण येत नाही. तपासणी यंत्रणा विभाजन रोखून धरते. एरवी सुमारे तासाभरात संपणारी ही अवस्था अनेक तास लांबते. या काळात पेशीला जिवंत ठेवणारी काही प्रथिने घटत जातात आणि नियोजित पेशीमृत्यूची प्रक्रिया सुरू होऊ शकते.

प्रत्येक पेशी याच मार्गाने जात नाही. काही पेशी गुणसूत्रांची वाटणी न करताच विभाजनातून निसटतात आणि दुप्पट गुणसूत्रांसह पुढे जगतात किंवा कालांतराने मरतात. रुग्णाच्या शरीरातील गाठीत पॅक्लिटॅक्सेलचे प्रमाण प्रयोगशाळेतील अनेक प्रयोगांपेक्षा कमी असते. अशा प्रमाणात पेशी दीर्घकाळ अडून न राहता तीन किंवा अधिक ध्रुवांचा तर्कू बनवितात. मग गुणसूत्रांची वाटणी विषम होऊन जन्मणाऱ्या पेशी जगण्यास असमर्थ ठरतात, असे स्तनाच्या कर्करोगावरील अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे ‘औषध पेशीला विभाजनात अडवून मारते’ हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे, असे अनेक संशोधक मानतात.

शोधाचा इतिहास

सदाफुली

सदाफुली ही मूळची मादागास्करची वनस्पती आता महाराष्ट्रात अंगणांत, देवळांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला सर्वत्र दिसते. तिचे शास्त्रीय नाव कॅथॅरँथस रोझियस असून पूर्वी तिचा समावेश विंका या प्रजातीत होत असे; औषधांच्या नावांतील ‘विन’ हा अंश त्यावरून आला. अनेक देशांच्या लोकवैद्यकात तिची पाने मधुमेहावर दिली जात. १९५० च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ऑन्टेरिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांनी जमैकाहून आलेल्या पानांचा याच हेतूने अभ्यास केला. रक्तातील साखरेवर अपेक्षित परिणाम आढळला नाही. मात्र अर्क टोचलेल्या प्राण्यांतील पांढऱ्या रक्तपेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ हे रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण असल्याने या निरीक्षणाचे महत्त्व लक्षात आले. नोबल व चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये विन्ब्लास्टिन वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांचा गट याच वनस्पतीवर काम करीत होता. तेथे विन्क्रिस्टिन मिळाले. अमेरिकेत १९६३ मध्ये विन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली.

ट्यूब्युलिनचा शोध

शरद ऋतूत फुलणाऱ्या कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतील कोल्चिसिन पेशीविभाजन रोखते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत झाले होते. १९३७ पासून वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करून नवे वाण निर्माण करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. कोल्चिसिन पेशीतील नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा मागोवा घेताना गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांना १९६७ मध्ये सूक्ष्मनलिकांचा घटक सापडला. पुढे त्याला ट्यूब्युलिन हे नाव मिळाले. म्हणजे ट्यूब्युलिनचा शोधच मुळात त्याला बाधणाऱ्या विषामुळे लागला.

मनसुख वाणी आणि टॅक्सॉल

मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. १९६२ मध्ये ते उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल यांच्या गटात दाखल झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था त्या काळी हजारो वनस्पतींचे नमुने तपासत होती. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्क्ले यांनी वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीचे नमुने गोळा केले. त्यांचा अर्क पेशींना मारक आढळल्याने पुढील काम वॉल व वाणी यांच्याकडे आले.

सालीतील क्रियाशील घटकाचे प्रमाण अत्यल्प होते. सुमारे १२ किलोग्रॅम वाळलेल्या सालीतून केवळ अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला, म्हणजे सुमारे ०.००४ टक्के. वॉल यांनी त्याला टॅक्सॉल हे नाव दिले. रेणू मोठा व गुंतागुंतीचा असल्याने तो अखंड स्वरूपात तपासणे जमेना. त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाची स्फटिकरचना क्ष-किरणांनी अभ्यासण्यात आली. ही रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या लेखाचे प्रथम लेखक वाणी होते. त्याआधी १९६६ मध्ये याच गटाने कॅम्पटोथेसिन हे दुसरे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले होते. ते मात्र सूक्ष्मनलिकांवर नव्हे, तर डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या एका विकरावर कार्य करते. सह्याद्रीतील नरक्या या वृक्षातही कॅम्पटोथेसिन असल्याने त्या वृक्षाची मोठ्या प्रमाणावर तोड झाली.

द्रव्य दुर्मीळ आणि पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे प्रारंभी टॅक्सॉलविषयी फारसा उत्साह नव्हता. १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथील सुझन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नलिका मोडण्याऐवजी त्यांची जुळणी वाढविते असे दाखविले. अशी कार्यपद्धती तोवर कोणत्याही औषधात आढळली नव्हती. चाचण्यांनंतर अमेरिकेत डिसेंबर १९९२ मध्ये बीजांडकोशाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. ‘टॅक्सॉल’ ही व्यापारमुद्रा झाल्याने औषधाचे सामान्य नाव पॅक्लिटॅक्सेल ठरले.

साल काढल्यावर यू वृक्ष मरतो. त्यामुळे मागणी वाढताच वृक्षांच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समधील पिअर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यू वृक्षाच्या पानांतून जवळचे द्रव्य मिळवून त्यापासून औषध बनविण्याचा मार्ग दाखविला. पाने पुन्हा फुटत असल्याने झाड वाचले. याच मार्गाने डोसेटॅक्सेल हे औषध मिळाले. अमेरिकेतील रॉबर्ट हॉल्टन यांनी अर्धसंश्लेषणाची कार्यक्षम पद्धत विकसित केली. पुढे वनस्पतिपेशींच्या संवर्धनातूनही उत्पादन सुरू झाले. वॉल व वाणी यांना २००० सालचा चार्ल्स केटरिंग पुरस्कार मिळाला. कॅम्पटोथेसिन व टॅक्सॉल यांच्या शोधाला अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये ऐतिहासिक रासायनिक टप्प्याचा मान दिला. वाणी यांचे ११ एप्रिल २०२० रोजी निधन झाले.

वैद्यकीय उपयोग

विन्क्रिस्टिन हे बालकांतील तीव्र लसिकापेशी रक्तकर्कावरील उपचाराचा आधारस्तंभ आहे. लसिकार्बुद आणि बालकांतील मूत्रपिंडाचा विल्म्स अर्बुद यांतही ते दिले जाते. विन्ब्लास्टिन हॉजकिन लसिकार्बुदावरील औषधसंचात असते. पॅक्लिटॅक्सेल स्तन, बीजांडकोश व फुप्फुस यांच्या, तर डोसेटॅक्सेल स्तन, फुप्फुस, जठर व पुरःस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगावर वापरतात. ही चारही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांच्या जेनेरिक आवृत्त्या भारतात तयार होतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत कर्करोग उपचारकेंद्रांतील नेहमीच्या रसायनोपचारात या औषधांचा समावेश असतो.

तंबाखूच्या सेवनामुळे भारतात तोंड व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. अशा रुग्णांना किरणोपचाराबरोबर सिस्प्लॅटिन देण्याची रीत आहे. परंतु मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या किंवा अशक्त रुग्णांना ते देता येत नाही. टाटा स्मारक रुग्णालयात अशा ३५६ रुग्णांवर चाचणी करण्यात आली. निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना त्याबरोबर दर आठवड्यास अल्प मात्रेत डोसेटॅक्सेल देण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ३०.३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर, तर हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. तोंड व घशाच्या तीव्र दाहाचे प्रमाण मात्र औषध घेणाऱ्यांत बरेच वाढले. विभाजनाच्या अवस्थेत अडलेल्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, हे या एकत्रित उपचारामागील तत्त्व आहे.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने ट्यूब्युलिनला चिकटणाऱ्या द्रव्यांवर, तसेच जीवाणूंतील एफटीएसझेड या ट्यूब्युलिनसदृश प्रथिनावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

दुष्परिणाम

ही औषधे कर्करोगाच्या आणि निरोगी पेशींत भेद करीत नाहीत. अस्थिमज्जा, केसांची मुळे आणि आतड्याचे अस्तर यांतील पेशी सतत विभागत असल्याने पांढऱ्या रक्तपेशी घटतात, केस गळतात आणि तोंड येते. उपचार संपल्यावर हे परिणाम सहसा ओसरतात.

चेतापेशी विभागत नाहीत, तरीही त्यांना इजा होते. मज्जारज्जूपासून पावलापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूची लांबी मीटरभर असू शकते. त्याच्या टोकापर्यंत लागणारी द्रव्ये सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून वाहून नेली जातात. रूळ बिघडले की सर्वांत लांबचे तंतू आधी बाधतात. म्हणून मुंग्या व बधिरपणा पायांच्या व हातांच्या बोटांपासून सुरू होतो. गुंडी लावणे किंवा पायात चप्पल टिकविणे कठीण होते. काही रुग्णांत हा त्रास उपचारानंतरही वर्षानुवर्षे राहतो. बोटांत बधिरपणा जाणवू लागताच डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा कमी करता येते. विन्क्रिस्टिनमुळे आतड्याच्या चेतांवर परिणाम होऊन तीव्र बद्धकोष्ठ होऊ शकतो. काही बुरशीनाशक औषधांबरोबर दिल्यास त्याची विषाक्तता वाढते.

विन्क्रिस्टिन केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचल्यास ते जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरते. म्हणूनच ते पिचकारीऐवजी लहान सलाइन पिशवीतून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचविले. पॅक्लिटॅक्सेल विरघळविण्यासाठी एरंडेलापासून बनविलेले द्रव्य वापरतात. त्यामुळे तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते व ती टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे देतात. अल्ब्युमिन प्रथिनाशी जोडलेल्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये हे द्रव्य लागत नाही.

औषधप्रतिकार व नवी औषधे

काही कर्कपेशी पी-ग्लायकोप्रोटीन या पंपाद्वारे औषध बाहेर फेकतात. काहींत बीटा-ट्यूब्युलिनचा वेगळा प्रकार वाढतो आणि टॅक्सेनांचा परिणाम घटतो. यांवर मात करण्यासाठी इक्झाबेपिलोन, कॅबाझिटॅक्सेल आणि समुद्री स्पंजातील द्रव्यावरून बनविलेले एरिब्युलिन ही औषधे आली.

मायटान्सिन व डोलास्टॅटिन यांसारखी द्रव्ये इतकी जहाल आहेत की ती तशीच देता येत नाहीत. त्यांची व्युत्पन्ने प्रतिपिंडाला जोडून थेट कर्कपेशीत पोचविण्याची युक्ती अलीकडे यशस्वी झाली आहे. हॉजकिन लसिकार्बुदावरील ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन आणि स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन ही अशी औषधे होत.

मूळ वनस्पती व सावधगिरी

सदाफुलीची पाने चघळल्याने किंवा तिचा काढा घेतल्याने कर्करोगावर उपचार होत नाही. पानांत औषधी अल्कलॉइडांचे प्रमाण अत्यल्प व अनिश्चित असते, तसेच विन्क्रिस्टिन पोटातून नीट शोषले जात नाही. शिवाय त्याच पानांत इतर अनेक क्रियाशील द्रव्ये असतात. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या वनांत व कुंपणांवर लालपिवळ्या फुलांनी लक्ष वेधणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. कोल्चिसिनची उपयुक्त आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असल्याने ते कर्करोगावर वापरले जात नाही; संधिवाताच्या गाउट या प्रकारात मात्र डॉक्टर ते मोजक्या मात्रेत देतात. कळलावीचा कंद खाल्ल्यास प्रथम उलट्या व जुलाब होतात आणि पुढे अस्थिमज्जा व इतर इंद्रिये निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. असा कंद पोटात गेल्यास रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

हेही पाहा

* कर्करोग
* रसायनोपचार
* पेशीविभाजन
* सदाफुली
* कळलावी
* मनसुख वाणी